माळ्याच्या फळ्या कापताना झालेला अपघात: मार्बल कटरला लाकडाचे पाते लावावे का?

माळ्यावरचा (धागाकर्ता)

आमचे संगमेश्वर तालुक्यातले घर कौलारू असून त्याचा माळा साग आणि फणसाच्या फळ्यांचा आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत कौले सरकून पाणी आत आले आणि मागच्या खणातल्या चौदा फळ्या कुजल्या. गावात हे काम करणारे दोन सुतार आता थकले आहेत आणि तरुण मुले मुंबईला असतात, म्हणून मी स्वतःच फळ्या बदलण्याचे ठरवले. घरात फरशीच्या कामासाठी घेतलेला चार इंची मार्बल कटर होता. तालुक्याच्या दुकानात त्याच्यासाठी चाळीस दातांचे लाकूड कापायचे पाते मिळाले. ते पाते भोकात नीट बसले, त्यामुळे काम होईल असे मला वाटले.

पहिल्या तीन फळ्या व्यवस्थित कापल्या गेल्या. चौथी फळी सागाची, सव्वा इंच जाडीची आणि सात फूट लांब होती. तिची दोन्ही टोके दोन पाटांवर ठेवून मी उकिडवा बसलो, डाव्या पायाने ती दाबून धरली आणि मध्यावर कापायला सुरुवात केली. पाते जवळजवळ पार गेले असताना आवाज एकदम जड झाला, कटर फळीतून वर उसळला आणि माझ्या दिशेने आला. स्विचचे बटण दाबून अडकवलेले होते, त्यामुळे हातातून सुटल्यावरही तो चालूच राहिला. माझ्या डाव्या मांडीवर सात टाके पडले. हाडापर्यंत गेले नाही, एवढ्यावर निभावले.

अजून दहा फळ्या शिल्लक आहेत आणि पावसाळ्यापूर्वी माळा बंद करायचाच आहे. चूक पात्याची होती, यंत्राची होती की माझी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. काही लपवून विचारण्यात अर्थ नाही, म्हणून जे घडले ते जसेच्या तसे लिहिले आहे.

जुना_सुतार

आपण सगळा तपशील लिहिलात हे फार चांगले केलेत, कारण उत्तर त्या तपशिलातच आहे. फळीची दोन्ही टोके टेकलेली आणि काप मधोमध. अशा फळीचा कापलेला भाग जसजसा वाढत जातो तसतशी ती स्वतःच्या वजनाने मध्यावर खाली झुकते. खाली झुकली की कापाच्या वरच्या कडा एकमेकींकडे येतात आणि फिरते पाते दोन्ही बाजूंनी चिमटीत सापडते. त्यात आपल्या पायाचा भार वरून होताच. आवाज जड झाला तो त्याच क्षणी.

पाते असे आवळले गेले की यंत्राची शक्ती लाकूड कापण्यात खर्च न होता यंत्रालाच ढकलू लागते. नेहमीच्या गोल करवतीत पुढच्या बाजूचे दात खालून वर येतात आणि मागच्या बाजूचे दात वरून खाली जातात. कापाच्या भिंती आवळल्या की मागचे दात लाकडात रुततात, त्यांच्यावर पाते वर चढते आणि अख्खे यंत्र कापातून बाहेर पडून मागे, म्हणजे धरणाऱ्याकडे, उडते. हे इतक्या वेगाने होते की मनगटाच्या ताकदीने ते थोपवता येत नाही. मी तीस वर्षे हे काम करतो आहे आणि मलाही ते थोपवता येत नाही. म्हणून पाते आवळले जाणारच नाही अशा रीतीने फळी ठेवणे हाच खरा उपाय आहे.

आडवा काप घेताना जो तुकडा टाकून द्यायचा आहे तो आधाराच्या बाहेर लोंबता ठेवावा. तो कापल्यावर खाली पडेल, काप उघडेल आणि पाते मोकळे राहील. तुकडा लांब व जड असेल तर तो पूर्ण कापला जाण्याआधीच मोडतो आणि लाकूड चिरते. अशा वेळी कापाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन असे चार आधार द्यावेत, म्हणजे कापल्यावर दोन्ही भाग जागच्या जागी पडून राहतात. याहून सोपी युक्ती म्हणजे जमिनीवर दोन इंच जाडीचा थर्माकोल पसरून त्यावर अख्खी फळी ठेवावी. पाते थर्माकोलमध्ये थोडेसे जाते, त्याने काही बिघडत नाही आणि फळी कोठेही झुकत नाही. मात्र थर्माकोलवर काम करताना गुडघे टेकावे लागतात, म्हणून मी स्वतः घडवंच्याच पसंत करतो.

फळी उभी, म्हणजे लांबीत, चिरायची असेल तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या लाकडात ताण अडकलेला असतो आणि चिरताना कापाच्या दोन्ही बाजू आपोआप जवळ येऊ शकतात. हातभर कापून झाले की यंत्र बंद करावे, पाते थांबू द्यावे आणि मागच्या कापात लाकडाची पातळ पाचर हलकेच बसवून मग पुढे जावे.

परसदार

मांडीची जखम पूर्ण भरेपर्यंत तरी कृपया काम थांबवा. खाली बसताना टाके उसवण्याचा धोका असतो.

फरशीवाला_ठाणे

मी फरशी आणि लादीची कंत्राटे घेतो, त्यामुळे मार्बल कटर रोज हातात असतो. जुना_सुतार यांनी जे सांगितले ते पटले, पण यंत्राबद्दलही बोलायला हवे. मार्बल कटर दगडासाठी बनवलेला आहे. त्याच्या हिऱ्याच्या पात्याला दात नसतात. कडेवर बसवलेले हिऱ्याचे कण दगड घासून काढतात. असे पाते सहसा चावत नाही, म्हणून त्या यंत्राला वरच्या बाजूचे स्थिर आवरण पुरेसे मानले गेले आहे. खालच्या बाजूने पाते झाकणारे, काप संपताच आपोआप बंद होणारे आवरण त्याला नसते. त्याच यंत्रावर आपण दातांचे पाते लावले की घासणारे यंत्र चावणारे होते, आणि त्याला आवरण मात्र घासणाऱ्या यंत्राचेच राहते.

दुसरी गोष्ट वेगाची. चार इंची कटर मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेतो, तर सव्वासात इंची गोल करवत ५,०००च्या आसपास. ११० मिमी व्यासाच्या पात्याची कड १२,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ६९ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २५० किलोमीटर वेगाने फिरते. १८५ मिमीच्या करवतीची कड ५,५०० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ५३ मीटर भरते. पाते लहान आहे म्हणून धोका लहान आहे असे आमच्या कामावरची मुलेही समजतात, आणि प्रत्येक नव्या मुलाला मी हा हिशेब कागदावर करून दाखवतो. पात्यावर कमाल फेरे छापलेले असतात. यंत्राचे फेरे त्याहून जास्त असतील, किंवा पात्यावर आकडाच नसेल, तर ते पाते वापरू नये. दुकानदाराने भोक जुळवून दिले एवढ्याने पाते जुळत नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो आणि घराच्या दोन खोल्यांत पाऊण इंची ओकच्या पट्ट्यांची जमीन स्वतः बसवली आहे. इथल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत (अमेरिकेच्या संघीय नियमसंग्रहातले कलम, २९ सीएफआर १९१०.२४३) दोन इंचांहून मोठे पाते असलेल्या हाताच्या गोल करवतीला तळपट्टीच्या (लाकडावर टेकणाऱ्या सपाट पट्टीच्या) वर आणि खाली अशी दोन्ही आवरणे सक्तीची आहेत, आणि यंत्र कापातून बाहेर येताच खालच्या आवरणाने आपोआप व तत्क्षणी पाते झाकले पाहिजे असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच कलमात अशा करवतीचा स्विच बोट काढताच बंद होणारा असावा, असेही आहे. माळ्यावरचा यांच्या अपघातात ह्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. खालचे आवरण नव्हते आणि स्विच अडकवलेला होता. हे नियम नोकरीच्या ठिकाणांसाठी आहेत, तरीही घरी काम करणाऱ्याने यंत्र निवडताना तीच मोजपट्टी लावावी असे मला मनापासून वाटते.

फरशीवाला_ठाणे

नियम योग्यच आहेत, तरी एक व्यावहारिक अडचण मांडतो. आमच्याकडे लाकडी जमिनीचे काम करणारे काही अनुभवी कारागीर गोल करवतीचे खालचे आवरण पाचर मारून उघडेच ठेवतात. अरुंद पट्टी किंवा तिरका काप घेताना ते कडेला अडते, करवत धक्का खाते आणि रेषा चुकते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना समजावताना काय सांगावे?

जुना_सुतार

अडते हे खरे आहे, आणि त्यासाठीच त्या आवरणाला एक लहानशी मूठ दिलेली असते. काप सुरू करताना मूठ मागे ओढून आवरण उचलावे, पाते लाकडात शिरले की मूठ सोडून द्यावी. अर्ध्या सेकंदाचे काम आहे. आवरण एरवीही अडत असेल तर त्यात राळ आणि भुसा साचलेला असतो. करवतीची वायर काढून ते ब्रशने साफ करावे आणि हाताने उघडून सोडून पाहावे. ते खटकन बंद झाले पाहिजे. मी दररोज सकाळी हे करतो.

पाचर मारलेल्या करवतीचा खरा धोका काप संपल्यावर असतो. स्विच सोडल्यावरही पाते काही सेकंद फिरत राहते आणि माणसाला करवत खाली ठेवायची घाई असते. जमिनीच्या कामात तर ती ठेवली जाते ती गुडघ्यापाशी, पायापाशी किंवा स्वतःच्याच वायरवर.

आता बसण्याविषयी. माळ्यावरचा यांच्या अपघाताचे हे मला सर्वांत मोठे कारण वाटते. आपल्याकडे सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करत आला आहे आणि पायाच्या अंगठ्याने लाकूड दाबून धरण्याची कला त्याच्या अंगात मुरलेली असते. हातकरवत आणि वाकस (लाकूड तासायचे हत्यार) यांच्यासाठी ती बैठक उत्तम आहे, कारण ती हत्यारे आपल्याच जोराने चालतात आणि आपण थांबलो की थांबतात. गोल करवतीसाठी तीच बैठक घातक ठरते. उकिडवे बसलेल्या माणसाची मांडी, पोटरी आणि पाऊल नेमके त्या रेषेत येते, ज्या रेषेत करवत मागे उसळते, आणि बाजूला सरकायला त्याला जागाच नसते. फळी घडवंचीवर कंबरेच्या खाली घ्यावी, दोन शिकंज्यांनी आवळावी, दोन्ही हात करवतीच्या दोन मुठींवर असावेत आणि आपण पात्याच्या रेषेच्या एका बाजूला उभे राहावे. फळी हाताने किंवा पायाने धरावी लागते आहे असे वाटले, तर मांडणी चुकली आहे असे समजावे आणि ती बदलावी.

भुईकमळ

मी गेल्या वर्षी पुण्यातल्या सदनिकेत ८ मिमी जाडीची लॅमिनेटची जमीन स्वतः बसवली, त्यातले काही उपयोगी पडेल. पात्याची खोली मी प्रत्येक फळीला नव्याने लावत होते. फळी ८ मिमीची असेल तर पाते तिच्याखाली ३ ते ५ मिमीच दिसावे. पाते पूर्ण खाली सोडून कापले तर फळीखाली दोन इंच उघडे पाते फिरत असते, आणि आवळले गेल्यास पकडही जास्त लाकडाची असते. दात खालून वर येत असल्यामुळे चिरफाळ्या वरच्या बाजूला निघतात, म्हणून लॅमिनेटचा दर्शनी भाग खाली ठेवून मागच्या बाजूने कापावे. रेषेवर कागदी चिकटपट्टी लावली तर कड आणखी स्वच्छ येते. लॅमिनेटच्या वरच्या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइड असते, त्यामुळे साधे पाते लवकर बोथट होते. बोथट पाते ढकलावे लागते, आणि ढकलताना तोल जातो.

मला सर्वांत अवघड गेली ती भिंतीलगतची शेवटची ओळ. तिथे चार सेंटीमीटर रुंदीची पट्टी उभी चिरायची होती. एवढ्या अरुंद पट्टीवर करवतीची तळपट्टी टेकत नाही आणि करवत कलते. मी तेवढ्याच जाडीची दुसरी फळी शेजारी ठेवली, दोन्ही खालच्या प्लायवुडला शिकंज्याने आवळल्या आणि वर एक सरळ पट्टी मार्गदर्शक म्हणून बांधली. नंतर समजले की आधीच खोलीची रुंदी मोजून पहिल्या ओळीतूनच थोडे कमी केले असते, तर शेवटी इतकी अरुंद पट्टी उरलीच नसती. दाराच्या चौकटीखालचा काप मी गोल करवतीने घेण्याचा विचारही केला नाही. फळीचा तुकडा चौकटीला टेकवून त्याच्या उंचीवर लहान हातकरवत आडवी चालवली.

वीजतंत्र

माळा जुना असल्यामुळे दोन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. अशा घरांत खालच्या खोलीच्या दिव्यांची वायर बहुधा तुळईच्या कडेने किंवा फळ्यांच्या पोटाला खिळवलेली असते. जागेवरच फळी कापण्यापूर्वी खाली जाऊन प्रत्येक खण डोळ्यांनी पाहावा आणि त्या भागाचा पुरवठा मुख्य ठिकाणी बंद करावा. करवतीसाठी वीज दुसऱ्या मंडलातून (सर्किटमधून) घ्यावी, आणि ती ३० मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीमधूनच (विजेची गळती ओळखणाऱ्या स्विचमधूनच) घ्यावी. जुन्या घरात ते नसेल तर आधी बसवून घ्यावे.

एक्स्टेन्शनची वायर गुंडाळीवर असेल तर ती पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली वायर तापते. १,२०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टला सुमारे सव्वापाच अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. वायर पातळ असेल तर यंत्रापर्यंत व्होल्टेज कमी पोहोचते, यंत्र मंदावते आणि कापात अडते, म्हणजे विजेचा दोषही शेवटी उसळीचे कारण बनू शकतो. वायर खांद्यावरून मागे घ्यावी, म्हणजे ती पात्यासमोर येत नाही. पाते बदलताना किंवा खोली लावताना पिन बाहेर काढावी. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढावी.

माळ्यावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुन्या फळ्यांत हातोडीने ठोकलेले जुने खिळे आहेत आणि काहींची डोकी लाकडात पूर्ण बुडाली आहेत, ते कसे शोधावेत? शिवाय हातमोजे वापरावेत की नाही, याबद्दल मला दोन्ही बाजूंचे सल्ले मिळाले आहेत.

हडसनकाठ

खिळ्यांसाठी बंद पडलेल्या स्पीकरमधले मोठे लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून सावकाश फिरवावे. जिथे ते ओढले जाईल तिथे खडूने खूण करावी. खिळ्यावर पाते आपटले तर कार्बाइडचा (पात्याच्या टोकावरच्या कठीण धातूचा) दात तुटून उडू शकतो. म्हणून चष्मा बाजूंनी झाकणारा असावा. नंबरचा साधा चष्मा पुरत नाही. हातमोज्यांबद्दल माझे मत असे आहे की फळ्या उचलताना व खिळे उपसताना ते जरूर घालावेत आणि करवत सुरू करण्याआधी काढून ठेवावेत, कारण सैल मोजा फिरत्या पात्यात ओढला जातो आणि त्यामागून बोट जाते. गळ्यातला पंचा, ओढणी, साखळी आणि मनगटावरचे दोरेही आधी काढावेत.

परसदार

मी शल्यचिकित्सक आहे, म्हणून थोडे लिहितो. करवतीचा आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो आणि त्या पातळीला संरक्षणाशिवाय दिवसाला पंधरा मिनिटेच सुरक्षित मानली जातात, त्यामुळे कानांवर मफ हवेतच. लाकडाची बारीक धूळ आणि दगडाच्या धुळीतली सिलिका या दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. नाकाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ मास्क वापरावा.

काम सुरू करण्याआधी घरात दुसरे कोणी तरी असावे आणि १०८ क्रमांक त्यालाही ठाऊक असावा. जखम झाल्यास स्वच्छ कापडाने थेट व सतत दाब द्यावा, हळद किंवा कॉफी भरू नये. बोट तुटले तर ते स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून मरतात आणि ते पुन्हा जोडणे अशक्य होऊ शकते. तालुक्याहून मोठ्या रुग्णालयात पोहोचायला वेळ लागतो, म्हणून हे घरातल्या सर्वांना माहीत असणे फार गरजेचे आहे.

जुना_सुतार

माळ्यावर उभे राहण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. फळ्या काढल्यावर उघड्या तुळयांवर पाय ठेवून करवत चालवू नये. तुळयांवर दोन जाड फळ्या खिळवून तात्पुरता मंच करावा. शक्य तेवढे कापकाम अंगणातच करावे आणि माळ्यावर केवळ बसवणी करावी. कुजलेल्या फळीचा अर्धाच भाग जागेवर कापायचा असेल तर पात्याची खोली फळीच्या जाडीइतकीच लावावी, म्हणजे तुळईला इजा होत नाही. अशा वेळी तळपट्टीची पुढची कड फळीवर घट्ट टेकवावी, आवरण मुठीने उचलून पाते लाकडापासून वर ठेवावे, यंत्र पूर्ण वेगात येऊ द्यावे आणि मग सावकाश खाली उतरवावे. शिरलेली करवत कधीही मागे ओढू नये. कोपऱ्याच्या थोडे आधी थांबून उरलेले पटाशीने तोडावे. खालच्या खोलीत त्या वेळी कोणीही असू नये.

माळ्यावरचा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. टाके निघाल्यावर रत्नागिरीहून खालचे आवरण असलेली सव्वासात इंची करवत आणली आणि कटर पुन्हा फरशीसाठी बाजूला ठेवला. अंगणात घडवंच्या मांडल्या, फळी चार ठिकाणी टेकवली, पात्याची खोली प्रत्येक वेळी लावली. एका सागाच्या फळीत चुंबकाने पाच खिळे सापडले, ज्यांतले दोन नेमके माझ्या रेषेवर होते. एक फणसाची फळी उभी चिरताना काप खरोखरच मागे मिटू लागला. आवाज बदलताच मी स्विच सोडला आणि पाते थांबल्यावर पाचर बसवली. नऊ फळ्या बसल्या आहेत. शेवटची फळी खांबाभोवती बसते आणि तिला आठ इंच बाय चार इंचांची खाच पाडायची आहे. ही खाच गोल करवतीने घ्यावी का?

जुना_सुतार

घेऊ नये. गोल पात्याचा काप वरून कोपऱ्यापर्यंत दिसतो तेव्हा खालच्या बाजूला तो अजून पोहोचलेला नसतो; खाली पुरा करायला गेलात तर वर रेषेपलीकडे जाईल आणि खांबापाशी फट दिसेल. गुण्याने आखून घ्या, दोन्ही आडवे काप हातकरवतीने रेषेच्या आतून घ्या, आतल्या कोपऱ्यांत गिरमिटाने दोन भोके पाडा, तिथून अरुंद करवत घालून उभी बाजू कापा आणि कडा पटाशीने रेषेपर्यंत आणा. खांबाभोवती दोरीच्या जाडीइतकी जागा सोडा, कारण पावसाळ्यात फणस फुगतो.

माळ्यावरचा

समजले. उद्या सकाळी हातकरवतीला धार लावून घेतो आणि मगच खाच आखतो.